मामीचा तांब्या

रविवार, दिवेलागणीला

राग मुख्याध्यापकांवर काढणं सोपं आहे, म्हणून आधी तेच लिहिते. शाळेच्या स्टाफची नर्मदेतली सहल. लाँच नेमकी माझ्या मामीच्या पाड्याखाली लागली. ज्यांना पाडा बघायचाय त्यांनी अर्धा तास उतरावं, बाकीच्यांनी वर लाँचवरच चहा घेत डोंगर बघावेत, असं ठरलं. सर हसून म्हणाले, "मॅडम, तुम्हनं तर गावच शे हाई, तुम्ही काय देखशात? बसा निवांत."

आणि मी बसले. का? उतरले असते तर मामीशी आमच्या बोलीत बोलावं लागलं असतं, आणि सगळ्यांनी मोबाईल काढले असते. एवढंच कारण. लाज वाटते लिहितानाही.

मामी काठावर तांब्या घेऊन उभी होती. आमच्यात नावेतून आलेल्याला आधी पाणी देतात. तो दोन घोट प्यायल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. तिने तांब्या सरांपुढे धरला. सरांनी तो घेतला आणि चिखलाने भरलेले पाय धुतले. वर "थँक्यू मावशी" म्हणाले.

त्यांना माहीत नव्हतं. मला तर माहीत होतं ना? वरून एक हाक मारली असती तरी पुरे होतं. मी बाटलीतलं पाणी पीत बसले.

मामीने घरी जाऊन तांब्या पुन्हा भरून आणला. तोवर स्टाफ सगळा लाँचवर चढला होता. काठावर पाहुणा एकही उरला नव्हता. तरी ती भरलेला तांब्या धरून उभी राहिली, वर माझ्याकडे बघत.