काळं कॅबिनेट, राखाडी कॅबिनेट

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आजही आला. घूंऽऽ... खालच्या पट्टीतला, जाड, न थांबणारा. टेबलाशी बसले, हनुवटी तळहातावर टेकली, डोळे मिटले आणि सुरू!

बोटांनी कान घट्ट बंद केले. तर वाढला! बाहेरचा असता तर कमी झाला असता. म्हणजे डोक्यातलाच.

मग माइक लावून खोली रेकॉर्ड केली. कॉम्प्युटरच्या पंख्यांची नेहमीची हवा, लांबून एक हॉर्न, बस्स. माइकला ऐकू येत नाही आणि मला येतं — सिनेमांचे आवाज जुळवून पोट भरणाऱ्या बाईनं यातून काय समजायचं?

नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं की खरं होईल असं वाटतं. मूर्खपणा आहे, ठाऊक आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वडिलांचे, अण्णांचे, कान माझ्याच वयात जायला लागले होते. सरकारी कचेरीत लघुलेखक — साहेब बोलणार, हे उतरवणार. हात विजेसारखा. मग एकदा साहेबांचं 'स्थगित' यांनी 'स्वागत' लिहिलं. प्रस्ताव स्थगित व्हायचा, त्याचं स्वागत झालं! कचेरी हसली. अण्णाही हसले म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच दप्तरखान्यात बदली मागितली.

आता काहीच ऐकू येत नाही. ओठांवरून थोडं कळतं, बाकी स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या फळ्यावर लिहून. कपडे धुवायचं मशीन चालू आहे की बंद ते हात ठेवून बघतात. मिक्सरवर हात, फ्रिजवर हात. 'मी घराची नाडी बघतो,' म्हणतात.

आज जेवताना त्यांच्याकडे बघवेना.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सध्याच्या फिल्मच्या दिग्दर्शकबाईंचा फोन. 'मधमाश्यांचा आवाज प्रेक्षकाला छातीत जाणवला पाहिजे हं!' हो म्हटलं. बारा पोळी, बारा वेगळे गुंजारव — आणि त्यात माझा तेरावा. कुठल्या माश्या पोळ्यातल्या आणि कुठल्या माझ्या, तेच कळेनासं झालंय.

रविवार, ९ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून 'बोला' आलं, मी ठेवून दिला!

'तोंड का पाडलंयस?' नवऱ्यानं विचारलं. म्हटलं, माश्या. म्हणाला, 'औषध मारू का?' हसले. बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

बाईंना फिल्म परत करायची का? दुसऱ्या कुणाकडून करून घ्या म्हणून सांगायचं? वाक्य मनात जुळवून ठेवलंय. उद्या-परवा सांगते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

लिहिताना अजून हसू फुटतंय.

सकाळी फिल्म लावली, कोपरं टेबलावर, हनुवटी हातात, डोळे मिटलेले. घूंऽऽ चालूच. आज बाईंना फोन करायचाच असं ठरवून बसले होते. अण्णा चहा घेऊन आले. टेबलावर वायरींचा आणि कागदांचा पसारा, कप ठेवायला जागा नाही, म्हणून त्यांनी तो सरळ कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या डोक्यावर ठेवला.

'अण्णा, तिथे नको!' मी ओरडले. ऐकू कुणाला येणार! ते वाकून कपात बघत राहिले. मला वाटलं माशी पडली. म्हणाले, 'अगं, हा चहा थरथरतोय.'

मी बघितलं. चहावर बारीक बारीक वर्तुळं.

मग त्यांनी कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणावर पंजा पसरून ठेवला, मशीनवर ठेवतात तसा. आणि घूंऽऽ बंद!

एकदम. टचकन. इतकी शांतता की मला माझा श्वास ऐकू आला.

त्यांनी हात काढला, घूंऽऽ. मी त्यांचा हात धरून परत झाकणावर दाबला. बंद! काढला, ठेवला, काढला, ठेवला. अण्णांना वाटलं मला वेड लागलं. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी. 'काय झालं पोरी? शॉक लागला का?'

मग बसून नीट बघितलं. तीन वर्षं हे कॅबिनेट माझ्या कोपराशी आहे आणि मी त्याच्याकडे कधी धड बघितलं नव्हतं. काळं. एका बाजूला काच — आतली तारांची गुंतवळ जगाला दाखवायला! पुढे तीन पंखे, सर्कशीसारखे रंग बदलणारे. दुसऱ्या बाजूचं झाकण मात्र पत्र्याचं, तेलाच्या डब्यासारखं पातळ. मागचे दोन स्क्रू हवेत, एकच आहे. गेल्या महिन्यात मेकॅनिकनं नवी डिस्क बसवायला उघडलं होतं तेव्हापासूनच असणार. खाली पायही कडक प्लास्टिकचे. नवी डिस्क फिरते, पत्रा थरथरतो, पायांतून टेबलात, टेबलातून कोपरात, कोपरातून हनुवटीत, तिथून सरळ कवटीत!

म्हणून माइकला सापडला नाही. तो स्टँडला रबरात लटकलेला, टेबलाला शिवतही नाही. आणि कान बंद केले की हाडातून येणारा आवाज मोठा वाटतो. हे मी दरवर्षी नव्या पोरांना शिकवते. मी! शिकवते! भीती वाटली की शिकलेलं सगळं पाण्यात जातं.

कोपरं उचलली. शांत. टेकवली. घूंऽऽ. असं किती वेळ केलं कोण जाणे.

फळ्यावर अण्णांसाठी लिहिलं: 'मला वाटलं माझेही कान गेले.' त्यांनी वाचलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला — मशीनवर ठेवतात तसाच. हीही चालू आहे ना, बघत असतील.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. आधी चिडला. 'इतके दिवस एकटीनं मनात ठेवलंस? मी काय घरात शोभेला आहे?' मग बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा घडी करून झाकणाच्या फटीत कोंबला. घूंऽऽ निम्मा झाला. 'बघ! डॉक्टर झालो की नाही?'

पण आता हे काळं धूड नकोच. आतले सगळे भाग चांगले आहेत, नुसतं कॅबिनेट बदलायचं. शनिवारी दुकानात.

शनिवार, १५ फेब्रुवारी

अण्णा हट्टानं बरोबर आले. 'मला घेतल्याशिवाय जाऊ नकोस. तुझ्या कानांवर माझा भरवसा नाही,' असं म्हणून स्वतःच इतके हसले की रस्त्यातले लोक बघायला लागले!

दुकानात भिंतभर कॅबिनेटं. दुकानदार आधी काचेवाल्यांकडेच घेऊन गेला. तिन्ही बाजूंनी काच, आत दिवे, एकावर तर मांजराचे कान! 'ताई, हल्ली हेच चालतं.' म्हटलं, मला चालणारं नको, गप्प बसणारं पाहिजे. त्याला कळेना.

मग मी मडकं वाजवून घ्यावं तसं एकेक झाकण बोटाच्या पेरानं वाजवत निघाले. टण्ण. टण्ण. टिण्ण. सगळी पोकळ. कोपऱ्यात मागे एक राखाडी उभं होतं, बुटकं, खांद्यानं रुंद, कुणी दिवे लावले नव्हते की काच. वाजवलं: ठप्. पुन्हा वाजवलं: ठप्!

'हे उघडून दाखवा.' झाकण जाड, आतून नमद्यासारखं जाड काळं कापड चिकटवलेलं. स्क्रू हातानं फिरतात आणि काढले तरी झाकणालाच लटकून राहतात, म्हणजे कुठल्याच मेकॅनिकला हरवता येणार नाहीत! पुढे काचेऐवजी बारीक जाळी. तिच्यामागची धुळीची गाळणी ओढली की बाहेर येते, नळाखाली धुवायची. पाय रबराचे, चांगले जाडजूड. चालू करायचं बटण वर, किंचित खोलगट. बोट आपोआप तिथे जातं. शेजारी हेडफोनचं भोक — वर! काळ्याचं तळाशी होतं, दर वेळी टेबलावर गाल टेकून शोधावं लागायचं. दिवा एकच, पांढरा, मोहरीएवढा.

अण्णांनी कडांवरून अंगठा फिरवला, सगळीकडून. 'कुठे कापत नाही.' मग म्हणाले, चालवून दाखवा. दुकानदारानं त्यातच बसवलेलं एक मशीन सुरू केलं. अण्णांनी डोळे मिटून पंजा टेकवला. शेजारच्या मांजराच्या कानांवर टेकवला. परत याच्यावर.

'आजोबा, ताप बघताय का?' दुकानदार म्हणाला.

अण्णांना ऐकू आलं नाही. त्यांनी डोळे उघडले आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, 'हा गप्प आहे! हाच घे!'

घेतला.

रविवार, १६ फेब्रुवारी

दिवसभर बसवाबसव. नवऱ्यानं वायरी मागून बांधल्या, अण्णांनी रिकाम्या खोक्यावर बसून हुकूम सोडले. दुपारी बटण दाबलं. मोहरीएवढा दिवा लागला. आम्ही तिघं टेबलावर कोपरं टेकून बसलो, भूत येतंय का बघायला बसल्यासारखे! काही नाही. नुसती जाळीतून येणारी हवा, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

मग माश्या लावल्या. बाराच! मोजल्या. तिसऱ्या पोळ्यातली एक राणी वेगळ्या सुरात टूं-टूं करते, ते मला आतापर्यंत कळलंच नव्हतं. बाईंना लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, 'अहो, रविवार आहे आज!'

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पहिला भाग पाठवला. बाईंचं उत्तर: 'छातीत जाणवलं.' बस्स, पुरे.

डॉक्टरांना आज पुन्हा फोन केला. या वेळी ठेवला नाही. परवा सकाळी कान तपासायचे. नवरा म्हणाला, 'आता कशाला? भूत तर सापडलं.' सापडलं म्हणूनच! भीती होती तेव्हा जाववत नव्हतं. आता मजेत जाते. अण्णांची मुलगी आहे, एकदा बघून घेतलेलं बरं. एक कागद मिळेल 'सगळं ठीक' असा, तो फ्रिजवर लावीन.

गुरुवार, २० फेब्रुवारी

डाव्या कानात सुरुवात आहे. अण्णांचंच.

डॉक्टरांना गंमत म्हणून टेबलाची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'तुमच्या कानातलं छोटं हाड आखडायला लागलंय. त्यात हवेतून येणारा आवाज कमी होतो आणि हाडातून येणारा मोठा लागतो. तो थरथराट धडधाकट कानाला बहुतेक कळलाही नसता.' आणि म्हणाल्या, लवकर आलात. छोटं ऑपरेशन असतं, बहुतेकांना चांगला गुण येतो.

फळ्यावर सगळं लिहिलं. अण्णांनी दोनदा वाचलं. म्हणाले, 'मला कुणी डॉक्टरकडे जा म्हटलं नाही. मीही गेलो नाही.' मग फळा पुसला. 'तारीख सांग. मी येणार.'

रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भूक लागली.