जंतू नसलेला ताप

४ डिसेंबर
छकुलीला पुन्हा ताप. पोट कडक, हात लावू देत नाही. इथल्या डॉक्टरांनी पुन्हा अँटिबायोटिक दिलं.
सासूबाई म्हणाल्या, "कारखाना सुरू झाला की बाधतंच हिला. काजळी पोटात जाती."
उन्हाळ्यात साखर कारखाना बंद होता. तेव्हाही ताप आला होता!

७ डिसेंबर
ताप गेला. नेहमीसारखा, आपोआप. पोर अंगणात लंगडी घालते आहे.

१६ डिसेंबर
पुणे. मागच्या खेपेला छकुलीचं रक्त दिलं होतं, त्याचा जनुकांचा अहवाल आला. डॉक्टरबाई सावकाश बोलतात. "जंतू नाहीतच. जंतू दिसला की शरीराने आतून पेटायचं, सूज नि ताप आणायचा, हे प्रत्येकात उपजत असतं. हिच्यात ते कारण नसताना पेटतं. मग आपसूक विझतं."
रोज गोळी. जन्मभर.
नाही घेतली तर?
"आतली सूज वर्षानुवर्षं राहिली, तर मूत्रपिंडं जातात. घरात आणखी कुणाला असं होतं?"
संभाजी, छकुलीचा बाबा, लगेच म्हणाला, "नाही."

२ जानेवारी
गोळ्या सुरू, तरी कळ आली. लागू पडायला वेळ लागेल, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. मी कॉलेजातले तास घेऊन आले तर चुलीत दाभण तापत घातलेलं, शेजारी बिब्बा.
"डाग दिला की कळ मोडती," सासूबाई म्हणाल्या.
खाटेखालून छकुली ओरडली, "आज्जे, मी काय वांगं हाय का भाजायला!"
दाभण हिसकावलं. बोटं पोळली. "आत्या, पोरीला हात लावायचा नाही!"
सासूबाई हसल्याच. "एवढं काय झालं? संभ्याला दिलं न्हवं का? असाच पोट धरून पडायचा. ताप बी असाच, यायचा नि जायचा. डाग दिलं, बरा झाला. त्याच्या पोटावर बघ की!"
त्याच्या पोटावरचे डाग पाहिलेत. लग्न झाल्यावर विचारलं होतं. "लहानपणी पडलो होतो," म्हणाला होता.

३ जानेवारी
संभाजी कामावर निघाला होता. विचारलं — तुझं पोट दुखायचं कधी थांबलं?
बुटाची नाडी बांधत राहिला.
"थांबलं कुठं? सांगायचं सोडलं. सांगितलं की आई डागायची."

८ जानेवारी
बारामतीत दोघांची लघवी तपासली. अहवाल तिथूनच डॉक्टरबाईंना फोनवर वाचून दाखवले. छकुलीचा चांगला. संभाजीच्या मूत्रपिंडांतून प्रथिनं गळत होती; तो आकडा त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग — "त्यांच्या पायांना सूज आहे का?"
मला माहीत नव्हतं.
त्याने फोन माझ्या हातून घेतला. "दिवाळीपासून," म्हणाला.