दुसराही देईन

प्रिय टिकेश बाबू,

कुडव्याले मामीच्या हातचं खाऊन गाल वर आले असतील तुझे. पण पहाटे रोज धावून राहिला म्हणते गोवर्धनमामा, म्हणजे तेही उतरले असतील. इकडे इटियाडोह धरणाचं पाणी नहराले सुटलं, खालच्या बांधीतली धानाची रोवणी आटोपली. कंबर मोडून राहिली माझी, पण ते रडगाणं गायले कागद घेतला नाही.

परवा कारगिलचा दिवस झाला. दरवर्षीसारखा शाळेपुढे मांडव, माझ्या थोरल्याच्या, धनेंद्रच्या फोटोले हार आणि पुढच्या खुर्चीवर मी. शालीकराम गुरुजींनी रचलेलं गाणं सुरू झालं. भजन मंडळातले सारे, शाळेची पोरं आणि टाळ घेऊन तुझे बाबूजी. गाण्यात धनेंद्र बर्फाचा डोंगर चढते, गोळी लागते, पेटी गावात येते. इथवर मी ऐकून घेते. मग पेटीजवळ उभी राहून माय म्हणते, 'एक दिला मातीला या, दुसराही देईन.' एकानं ती ओळ म्हणायची आणि साऱ्यांनी मागून झील धरायची. आठ वर्षांचा होता तू, तेव्हापासून तो एकटा आवाज तुझाच. शहिदाचा भाऊ म्हणून मुद्दाम तुलेच दिली ती ओळ. तू माझ्याकडे पाहून म्हणायचा आणि बाया डोळ्याले पदर लावायच्या. काय गोड गळा रे तुझा! आणि मले वाटे, कोणीतरी याच्या तोंडावर हात ठेवा.

खरं काय झालं ते तू पाहिलं नाही, रुक्माआत्यानं तुले घरात धरून ठेवलं होतं. पेटीवर झेंडा होता. मी म्हटलं, उघडा. फौजेचे साहेब म्हणाले, माताजी, पाहण्यासारखं नाही. मी पुन्हा म्हटलं, उघडा. घसा बसेपर्यंत तेवढाच शब्द. कोणी उघडली नाही. बायांले मसणात जाऊ देत नाहीत, म्हणून तिथंही दिसला नाही. हे गुरुजींच्या कवितेत कसं बसावं? त्यांनी माझ्या तोंडी 'देईन' घातलं आणि गावाले तेच आवडलं.

यंदा तू नव्हता, म्हणून तुझी ओळ दुधरामच्या नातीले दिली. तिनं तोंड उघडलं आणि मी उठून उभी राहिली. म्हटलं, हे मी बोलली नाही. टाळ थांबले. पोरगी भिऊन रडली बिचारी. गुरुजी म्हणाले, अनुसयाबाई, कवितेत असं असते. मी म्हटलं, मग कवितेत तुमचा पोरगा द्या. वाईट बोलली, माहीत आहे, त्यांनीच धनेंद्रले अक्षरं शिकवली. पण बोलली. तेव्हापासून तुझे बाबूजी माझ्याशी बोलत नाहीत, वाढलं की ताट घेऊन ओसरीत जातात. गावात म्हणून राहिले, हिचं डोकं फिरलं. फिरलं तर फिरलं, माझंच आहे.

आता काऊन लिहून राहिली ते सांगते. काल बाबूजीच्या मोबाईलवर तुझा फोन आला, फौजेच्या भरतीचं धावणं पार झालं, आता डॉक्टरची तपासणी उरली. आवाज मोठा होता, मी चुलीपाशी ऐकत होती. तू म्हणाला, आईले सांगा, तिचा शब्द खाली पडू देणार नाही. चुलीवरच्या गंजातला भात करपून गेला, बाबू, मले वास आला नाही. तुझ्या मनानं फौजेत जायचं असेल तर आधी घरी ये, समोर बस, भांड माझ्याशी. पण माझ्या शब्दापायी त्या तपासणीले उभा राहू नको. माझा शब्द हा आहे, माझ्या हातानं लिहिलेला. धनेंद्रले मी दिलं नव्हतं, तो गेला. दुसरा मी देत नाही.

तुझीच,
आई