कॅसेटवरचं उर्दू नाव

छत्रपती संभाजीनगर
७ डिसेंबर २०२३

प्रिय द्वारके,

शाळेत असताना एकदा कॉन्व्हेंटच्या मैदानाकडच्या पायऱ्यांवर आपण डबा खात होतो. आत सिस्टर पियानोवर नाताळचं गाणं बसवत होत्या आणि तू त्याच चालीवर तुझ्या आईची जात्यावरची ओवी म्हटलीस. हसता हसता मला ठसका लागला. "हसू नको आशे, सिस्टरच्या येशूलाबी भाकर लागत असंलच की!" पाठीवर थापट्या मारत तू म्हणालीस.

पत्र मिळालं. तुझ्या नातीचं लग्न ठरलं, फार बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, कान मात्र शाबूत आहेत. माझी नात रोज फोनवर नवीन काहीतरी ऐकवते. परवा आपल्या बोलीतला रॅप लावला. ते पोरगं 'लई', 'नाय' म्हणत असं दणादण सुटलं होतं की मला तुमच्या जत्रेतला ढोल आठवला. मग आफ्रिकेतल्या एका बाईचं गाणं. अक्षर कळलं नाही, तरी दोनदा लावायला सांगितलं. पाठवते, ऐक.

मी विषय टाळतेय, हे तुला कळलंच असेल. हळद दळताना पुतळाबाईंचा, तुझ्या आईचा आवाज लावायचाय, तेवढी कॅसेट शोध, असं तू लिहिलंस. द्वारके, ती कधी हरवलीच नव्हती.

चौऱ्याऐंशी साली माझ्या सासऱ्यांनी, आप्पासाहेबांनी, गंगापूरला तुमच्या ओसरीवर ती भरली, मीही सोबत होते. ते निजामाच्या राज्यात शिकलेले, त्यामुळे प्रत्येक कॅसेटवर नाव उर्दूत. मला इंग्रजी येतं, मराठी येतं. उर्दू म्हणजे नुसती नक्षी. आप्पा गेल्यावर त्यांच्या कपाटात चार कॅसेटी सापडल्या. जुन्या बातम्या असतील असं समजून मी एकीवर रेडिओवरचा व्हायोलिनचा कार्यक्रम भरला. तुलाही त्याची नक्कल पाठवली होती. "हे लावलं की म्हैस लवकर पान्हवते," असं तू लिहिलं होतंस. मी ते पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं होतं.

पुढे टेप बिघडला म्हणून औरंगपुऱ्यात मुनीरभाईंकडे नेला. आत कॅसेट तीच होती. त्यांनी वरची चिठ्ठी वाचली. "पुतलाबाई, गंगापूर. भाभी, ये कौन? और इस पे ये बाजा कायकू भर दिये?"

मी दुकानातल्या स्टुलावर बसूनच राहिले. तुझी आई त्याच वर्षी, शहाण्णवला, गेली होती. तू आवाज मागितलास, तेव्हा "शोधते" म्हणाले. सत्तावीस वर्षं तेच म्हणतेय. पुन्हा ती कॅसेट लावायचं धाडस झालं नाही.

गेल्या रविवारी नात माझ्या सगळ्या कॅसेटी संगणकात उतरवत होती. व्हायोलिन संपलं, तरी तिनं टेप चालूच ठेवला. स्वयंपाकघरात मला हाक आली, "आजी, इथं कुणीतरी बाई गातेय!"

चार मिनिटं आहेत. माझा कार्यक्रम कॅसेटपेक्षा तेवढाच लहान होता. दोन ओव्या पूर्ण आहेत, जात्याची घरघरही. मग तुझी आई म्हणते, "आता बास, आप्पासायेब. आशीला भूक लागली आसंल. भाकर टाकते." मी उभ्या उभ्या रडले, आणि खरं सांगू, त्या दिवशी खूप वर्षांनी मला शांत झोप लागली.

बाकीची सव्वीस मिनिटं मी पुसली. ती परत देता येणार नाहीत.

आता नीट ऐक. माझे दीर बद्रीनाथ शनिवारी सगळं सामान घेऊन गंगापूरला येताहेत. कॅसेट तुझी, चिठ्ठी काढू नकोस, अक्षर आप्पांचं आहे. टेपही तूच ठेव. पेनड्राइव्ह नवरीचा. त्यात ओव्या आहेत, शेवटचं बोलणंही आहे, व्हायोलिन नाही. निळी पैठणी तिच्या आईला. माझ्यासाठी काही पाठवायचं झालं, तर आमंत्रण पाठव. नाहीच पाठवलंस, तर निदान फोन करून मला बोल. शिव्या दिल्यास तरी चालतील, पण तुझ्या आवाजात दे.

तुझी चुकलेली,
आशा