चौथ्या गाण्यातली हाक

लिलिव, लागुना, फिलिपिन्स
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय रुएल,

देव तुला सुखात ठेवो. इतक्या वर्षांनी लिहितोय आणि तेही कागदावर, याचं तुला नवल वाटेल. तुझा जुना नंबर लागत नाही. नवा मिळाला असता तरी जे लिहायचंय ते माझ्याने फोनवर बोलवलं नसतं.

इकडे सगळं नेहमीसारखं. बाजारात सप्टेंबरपासूनच नाताळची गाणी वाजताहेत. चपलांना मागणी बरी आहे, तळवे कापायला मी अजून स्वतः बसतो. आपल्या ड्रमवाल्या एफ्रेनचे गुडघे गेलेत, तरी चर्चमध्ये मिस्सा चालू असताना समोरच्या बाकावर बोटांनी ड्रम वाजवतोच. फादर बघून न बघितल्यासारखं करतात. बेनिल्डाबद्दल पुढे लिहितो.

तुझा पत्ता क्लॅरिसने दिला. आपला अल्बम पुन्हा काढणाऱ्या कंपनीतली मुलगी. गेल्या आठवड्यात ती मनिलाहून घरी आली होती. म्हणाली, "काका, आमच्या वयाची पोरं वेडी झालीत तुमच्या गाण्यांवर." मला पटेना. आपल्या बाप्तिस्म्याला जमली असतील तेवढीसुद्धा माणसं तेव्हा ती गाणी ऐकत नव्हती. मग तिने माझ्या कानाला हेडफोन लावले आणि चौथं गाणं ऐकवलं. आधी जुनं, मग मशीनने साफ केलेलं.

"सगळं निघतं आता," ती म्हणाली. "कोंबडा निघतो, ती ओरडणारी बाई निघते. गाणं कसं धुतल्यासारखं होतं. रुएलकाकांनी मेलवर लगेच होकार दिला. तुमचा मिळाला की झालं."

"ती बाई माझी बायको," मी म्हणालो.

पोरीने जीभ चावली. "सॉरी काका. काकू आहेत का घरात? एक फोटो घेतला असता."

मी कॉफी करायला उठलो.

रुएल, तुला ती खोली आठवते का? तुम्हा बहीणभावांच्या आईची नारळ ठेवायची खोली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते, आणि कोंबडा बाहेर तसाच मोकळा. बोटीवरच्या मामाने आणलेल्या कॅसेटी ऐकून ऐकून आपण लंडन-मँचेस्टरची पोरं झालो होतो. बँडचं नावच ओव्हरकोट. फोटोसाठी मे महिन्यात ते भाड्याचे कोट घालून चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहिलो, तर तुझी आई म्हणाली, "गाण्यात थंडी वाजतेय आणि पाठीवरून घामाच्या धारा. आधी पाणी प्या रे, इंग्रजांनो." गावच्या शाळेत आपण एकाच बाकावर बसून इंग्रजी शिकलो, पण तुझे उच्चार असे झाले की फादर तुला म्हणाले, पापनिवेदनाला येशील तेव्हा तरी आपल्या आवाजात बोल.

आणि ते चौथं गाणं. धुकं, स्टेशन, चारचा चहा. आपल्यापैकी कोणीही चहा पीत नव्हतं. पण तू ते असं गायलास की बास वाजवता वाजवता मला खरंच कोणीतरी गाडीत बसून गेल्यासारखं वाटलं. तसं तू पुन्हा कधी गाऊ शकला नाहीस, आणि रेकॉर्डिंगच्या मशीनवाल्याला त्याच संध्याकाळी मनिलाला परतायचं होतं. तू तसं गायलास त्या एकाच वेळी अंगणात कोंबडा आरवला आणि पाठोपाठ बेनिल्डा ओरडली, "दादा, जेवायला चला, मासे गार होतायत!"

पुढचं तुला माहीत आहे. मनिलाच्या पेपरात आलं की मँचेस्टरच्या धुक्यात कोंबडा आरवतो आणि मासे गार होतात. लोक हसले. रेडिओवर थट्टेसाठी तेवढाच तुकडा लावायचे. त्या रविवारी जेवताना तू पेपर टेबलावर टाकलास. "बारा गाणी केली मी, आणि लोकांच्या लक्षात राहिली तुझी हाक," बेनिल्डाला एवढंच बोललास आणि अर्ध्या ताटावरून उठून बॅग घेतलीस.

तू बाहेर पडल्यावर काय झालं ते मात्र तुला कोणी सांगितलं नसेल. बेनिल्डाने आपलं ताट गोल फिरवलं. जेवणातून उठून कोणी प्रवासाला निघालं तर मागे राहिलेल्यांनी ताट फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो, हे तुमच्या आईनेच तिला शिकवलेलं. तिने आम्हालाही फिरवायला लावलं. एफ्रेन म्हणाला, "अगं, मनिलाला चाललाय तो, चंद्रावर नाही." ती म्हणाली, "फिरव म्हटलं ना." तेव्हा तिला कुठे माहीत होतं, तू मनिलाहून पुढे इंग्लंडलाच जाशील.

त्यानंतर तिने कोणालाही जेवायला हाक मारली नाही. मला सुरुवातीला कळलंच नाही. मी मागच्या पडवीत काम करत असलो की ती येऊन खांद्याला हात लावायची. पाहुणे आले तरी तसंच. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "पाय आहेत ना मला."

गेल्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. तुला कळवायचं नाही असं तिने बजावलं होतं. म्हणायची, तो सांभाळतो त्या तिथल्या वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना सोडून त्याला यावं लागेल, आणि आला तरी माझ्याशी काय बोलेल. यंदा ऑगस्टमध्ये एका दुपारी स्वतःच म्हणाली, "ते चौथं लाव." आमच्या घरात इतक्या वर्षांत अल्बम लागला नव्हता. कोंबड्याला ती हसली. मग तिचा स्वतःचा आवाज आला. जरा वेळाने म्हणाली, "दादाने ओ दिलीच नाही बघ." आणि लगेच, "गात होता ना. कशी देणार."

ती सप्टेंबरमध्ये गेली, रुएल. सकाळी. मी तिच्या खाटेशी बसून भाताची पेज खात होतो. तिला दोन चमचे भरवले होते, मग माझं मी खायला लागलो होतो. मान वर केली तेव्हा ती गेलेली होती. मी थाळी खाली ठेवली आणि गोल फिरवली. दुसरं काही सुचलं नाही. फादर याला अंधश्रद्धा म्हणतील. मारियामाता समजून घेईल असं मला वाटतं.

नऊ दिवसांच्या प्रार्थनेत मी तुझंही नाव घेतलं. कळवायचं म्हटलं तरी इंग्लंडमध्ये तू नेमका कुठे राहतोस हे आम्हाला माहीत नव्हतं.

आता त्या गाण्याचं. मी नको म्हणालो तर क्लॅरिस थांबेल. पण मग बेनिल्डा पुन्हा एकदा न विचारता तुझ्या गाण्यात शिरल्यासारखं होईल. ते तिला नको होतं. म्हणून तू सांगशील तेच मी तिला कळवीन. काढून टाक म्हणालास तरी माझ्या मनात किल्मिष राहणार नाही. फक्त एकदा एकटा बसून ते ऐक. माझ्या फोनमध्ये तिचा आवाज आहे, पण तो आजारपणातला, बारीक. अंगणात उभी राहून पोटभर आवाजात हाक मारणारी बेनिल्डा फक्त त्या गाण्यात आहे.

आणि ऐकताना तिच्या हाकेशी आलास की तिथे, तुझ्या खोलीत, आपल्या आवाजात तिला एकदा "आलो" म्हण.

मग नाताळला जमलं तर जेवायला ये. मला अजून मोठ्याने हाक मारायला जमत नाही, म्हणून हे पत्र.

तुझ्या बहिणीचा नवरा,
इसागानी