दादानं धरलेलं गाणं

मारेगाव
६ जानेवारी २०२५

ती. देवरावदादास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुले फोनवर ऐकू येत नाही अन् मले मोबाईलवर लिहिता येत नाही. आपल्या दोघांसाठीच सरकारनं अजून पोस्ट चालू ठेवलं असावं.

गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन या महिन्याच्या शेवटी नागपूरले ठरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जिवाले धोका नाही, पण आवाज पहिल्यासारखा राहीलच असं नाही. धम्मदीपचं तोंड एवढंसं झालं. मीच पोराले समजावलं, का इतकी वर्षं लोकांनी ऐकलं, आता जरा सुखात राहतील. पण घरी आल्यावर ध्यानात आलं, का माह्या आवाजाचं घरात काहीच नाही. लग्नाचे व्हिडिओ आहेत, त्यात मी गाऊन राह्यली अन् वरून बँड वाजून राह्यला.

दिवाळीत तुह्याकडे आलती, तेव्हा दारव्ह्याच्या कॉलेजच्या त्या छोट्या एफएमवर मायच्या दीक्षेचं गाणं म्हटलं होतं न, मीच जुळवलेलं, 'पांढरं लुगडं नेसून माय नागपूरले गेली'. ते एकोणीस तारखेच्या रविवारी सकाळी लागणार आहे. कॉपी मागितली तर तिथल्या पोरी म्हणाल्या, पाहू. ते एफएम दारव्ह्याच्या वेशीबाहेर ऐकू येत नाही. म्हणून सूनबाईले, ममताले सांग, का कॉम्प्युटरमधी धरून ठेव. तू स्वतः हात लावू नको.

माया आहे तशी राहू दे. ऑपरेशननंतर जास्त लागंल.
तुझी कांता

*

दारव्हा
११ जानेवारी २०२५

प्रिय भगिनी कांता हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पोचले. ऑपरेशनची काळजी करू नये, ती करण्यास मी इथे बसलो आहे. कापसाच्या जिनिंगमधले मशीन ज्याने उभा जन्म सांभाळले आणि त्यापायी कान घालवले, त्याला तू रेडिओला हात लावू नको म्हणतेस याचे नवल वाटले.

सर्व तयारी झाली आहे. रेडिओच्या मागून एक वायर निघते, ती कॉम्प्युटरच्या निळ्या भोकात जाते. ममताने एक फुकटचे सॉफ्टवेअर उतरवून दिले आहे. त्यातला लाल गोल दाबला की दोन रेघा धावू लागतात, एक डाव्या कानाची, एक उजव्या. यालाच स्टिरिओ म्हणतात. रेघ फार वर गेली तर लाल होते आणि आवाज फाटतो, तेव्हा ती हिरव्यातच ठेवायची. थोडक्यात, हे काम ऐकण्याचे नसून बघण्याचे आहे.

आवाज कुठून घ्यायचा हे सॉफ्टवेअरमध्ये निवडावे लागते असे ममता काहीतरी सांगत होती. रविवारी तिची दवाखान्यात ड्युटी आहे. तिला मी निर्धास्त जाण्यास सांगितले.

कळावे. तूही निर्धास्त असावे.
तुझा देवरावदादा

*

दारव्हा
२० जानेवारी २०२५

प्रिय कांता हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मोहीम फत्ते. सोबत पेनड्राइव्ह पाठवीत आहे. गाणे कधी सुरू झाले हे कळावे म्हणून मी रेडिओ मोठा करून त्यावर हात ठेवून बसलो होतो. डावी आणि उजवी रेघ शेवटपर्यंत अगदी सारखी धावली, केसाचा फरक नाही. एवढे बरोबर रेकॉर्डिंग कॉलेजवाल्यांनाही जमले नसते. ममताने आधी ऐकून बघते म्हटले, पण मी पाकीट चिकटवून टाकले होते.

नागपूरला अंगावर पांघरूण नीट घे. खुशाली कळवण्यास धम्मदीपला बजाव.
तुझा देवरावदादा

*

मारेगाव
२२ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

मी घरी आली. जखम भरली. आवाज पत्र्यावर खडा घासल्यासारखा निघून राह्यला, म्हणून मी कमी बोलते, अन् घरचे त्यावर समाधानी दिसतात.

तुह्या रेकॉर्डिंगची तारीफ मी आधीच गावभर केली होती. म्हणून शेजारच्या कौसल्यासकट चारपाच बाया ऐकाले बसल्या. दादा, गाणं आहे, पण विहिरीच्या तळातून आल्यावाणी. त्याच्यावरून तू आहेस. धम्मदीप म्हणाला, का मामानं वायर बरोबर लावली, पण कॉम्प्युटर आवाज घेत होता त्याच्यावरच्या कॅमेऱ्याच्या माईकमधून. दोन्ही रेघा सारख्या निघाल्या त्याही त्याच्यानंच. खऱ्या स्टिरिओत डावंउजवं थोडं वेगळं राह्यते म्हणे.

तर तुह्या खोलीतलं सगळं आलं. दूधवाली इंदुताई दार वाजवून, हाका मारून, शेवटी तुले बहिरा म्हणून निघून गेली, तेही आलं. अन् तू गाऊन राह्यला. मी कडवं उचलायच्या आधीच तू अर्ध्यात पोचलेला. सूर नाही, ताल नाही, पण शब्द एकही चुकला नाही. मी गायची तेव्हा तू मांडवामागं चहाचं पाहत राहायचा. मंग हे पाठ कधी केलं?

रेडिओवर वेळ पुरत नव्हता, म्हणून मायच्या पायाच्या फोडांचं कडवं मी सोडलं होतं. गाणं संपलं तरी तू थांबला नाही, तेही म्हटलं. मंग तू रेडिओले म्हणाला, कांते, पाणी पी.

बाया हसत होत्या, त्या सावरून बसल्या. मी उठून पाणी प्याली.
तुझी कांता

*

दारव्हा
२४ मार्च २०२५

प्रिय कांता हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

ममताने पत्र वाचले आणि तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. हसत होती की काय, ते पाठीवरून कळले नाही.

तो कार्यक्रम काल पुन्हा लागला. यावेळी सॉफ्टवेअरमध्ये वायर निवडण्याचे काम ममताने केले आणि मला अंगणात बसवले. सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये फक्त तू आहेस. आता तरी पहिली फाइल नष्ट करावी, ही विनंती.

पाठ कधी केले असे विचारतेस. जिनिंगमध्ये मशीनपाशी दिवसभर उभे राहून दुसरे काय करायचे होते? तिथे कोणाला कोणाचे ऐकू येत नसे. त्यामुळे माझ्या गाण्याचा कोणाला त्रास नव्हता.

दादा

*

मारेगाव
२ एप्रिल २०२५

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

नवीन पेनड्राइव्ह मिळाला. ममताच्या हाताले तोड नाही. माहा आवाज इतका साफ आहे, का मलेच ओळखू आला नाही.

चौदा एप्रिलले विहारात दरवर्षी मी ते गाणं म्हणते. यंदा हे साफवालं लावू म्हणून बायांले आधी ऐकवलं. सगळ्या हात जोडून बसल्या, जशी का मी मेली. मंग कौसल्या म्हणाली, का तुह्या भावाचं लाव. ते लागलं तर सगळ्याजणी सोबत म्हणू लागल्या, अन् तुह्यासारख्याच पुढे पळाल्या. फाइल नष्ट होत नाही, ती आता गावातल्या प्रत्येक मोबाईलमधी आहे.

म्हणून तूच ये. मी समोर बसून नुसते ओठ हलवीन. तू माह्या तोंडाकडे पाहून म्हण, म्हणजे पळणार नाहीस. सोडलेलं कडवंही घेऊ.

नाही म्हणू नको. मले ओरडता येत नाही.
तुझी कांता

*

दारव्हा
८ एप्रिल २०२५

प्रिय कांता हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तेरा तारखेला सायंकाळपर्यंत पोचतो. पांढरा सदरा शिवायला टाकला आहे. ओठ सावकाश हलव, आणि शब्द खाऊ नको.

माझी अट एकच, त्या दिवशी कोणीही रेकॉर्डिंग करायचे नाही. ममता सोबत येत आहे, तिलाही तसे बजावले आहे. ती हो म्हणाली, पण तिने ऐकले असेल असे वाटत नाही.

बाकी भेटीत. तोवर पाणी पीत जा.
तुझा देवरावदादा