बॅरनला फक्त मीच कळतो

३ सप्टेंबर
बॅरन आणला. टायटन ट्रिगरफिश, दीड वीत लांब, दात माणसासारखे. टाकी समोरच्या खिडकीत ठेवली. रस्त्यावरून सगळ्या झ्वोले शहराला दिसली पाहिजे. दुकानदार म्हणाला, हा एकटाच ठेवा आणि उगाच डिवचू नका. भित्रा माणूस. नोव्हेंबरात आमच्या मत्स्यमंडळाचे परीक्षक घरोघर टाक्या बघत फिरतील. यंदा कप माझा. शेजारचा हर्मन दरवर्षी तो जिंकतो आणि संडासाच्या खिडकीत मिरवतो. पुरे झालं.

४ सप्टेंबर, सकाळी
शिस्तीचा प्रोग्राम सुरू. कामावर जाताना-येताना फुटपाथवरून काचेवर टकटक, मग डोळ्यांत डोळे घालून बघायचं. मालक कोण ते कळायला हवं.

९ सप्टेंबर
सोबतीला दोन पिवळे मासे सोडले. दुपारी एक उरला. जेवणानंतर शून्य. त्यांच्यात जिद्दच नव्हती.

२० सप्टेंबर
हीटरची वायर कुरतडली. दगड उपसून काचेवर आपटतो. मी दिसलो की सुरू. उत्साही आहे. आफकेचं, म्हणजे बायकोचं, म्हणणं की दिवसभर तो अगदी गुणी असतो, तू आलास की पिसाळतो. आफकेला माशांतलं काय कळतं? दोष सायकलवाल्यांचा. नेमके माझ्याच वेळेला घरी निघतात लेकाचे.

२ ऑक्टोबर
आफके म्हणाली, निदान पडदा तरी ओढ. पडदा! दिवसाढवळ्या! आमच्या गल्लीत एकाच घराने पडदा ओढला होता, त्यांच्याबद्दल लोक अजून बोलतात. साफ नाही म्हटलं.

११ ऑक्टोबर
बॅरन बोटाला चावला. प्रेमाने. डॉक्टरीणबाईंनी टाके घातले आणि नेहमीप्रमाणे पॅरासिटामॉल घ्या म्हणाल्या. हर्मनने कुंपणावरून विचारलं, की काय रे गेरब्रांड, तू मासा पाळलायस की माशाने तुला? जळतोय नुसता.
उद्यापासून टकटक दुप्पट.

२५ ऑक्टोबर
आफकेचा वाढदिवस. रिवाजाप्रमाणे खुर्च्यांचं रिंगण, सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं. बॅरनची ओळख करून द्यावी म्हणून मी झाकण उघडलं. खारं पाणी थेट केकवर आणि हर्मनच्या चष्म्यावर. चष्म्याचं मला आवडलं. आफके म्हणाली, की ह्या घरातून एकाला काढायची वेळ आली ना, तर तो मासा नसेल, लक्षात ठेव. विनोदी आहे ती.

१३ नोव्हेंबर
सगळी तयारी झाली. भाषण पाठ.

१४ नोव्हेंबर
परीक्षक डाइकस्ट्राबाई आल्या. हर्मनही आला, आगाऊपणे. मासा हातून खातो का, बाईंनी विचारलं. मी चिमट्यात शिंपला धरून पुढे झालो. बॅरनने चिमटा हिसकावला आणि दगड काचेवर असा हाणला, की बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर थांबता का?
पाऊस. मी फुटपाथवर. खिडकीतून सगळं दिसत होतं. आफकेने बाही वर केली, शिंपला पाण्यात धरला. बॅरनने तो अलगद घेतला. मग चक्क कुशीवर वळला आणि ती त्याला खाजवत बसली. रोजचं असल्यासारखं. बिस्किटांचा डबा हर्मनपुढे दुसऱ्यांदा फिरला. दुसऱ्यांदा! मला लग्नाच्या दिवसापासून एकच बिस्किट मिळतं, मग झाकण बंद.
राहवेना. टकटक केली. बॅरन तिचा हात सोडून माझ्यावर धावून आला, डोकं काचेवर आपटलं.
आफके उठली आणि पडदा ओढला.
खरं लिहितो, रडू आलं.

१५ नोव्हेंबर
कप मिळाला. त्यावर नाव आफकेचं. बाईंचा शेरा: मासा उत्तम, प्रेमळ. नवरा दिसू देऊ नये.
पडदा तसाच आहे. मी मागच्या दाराने ये-जा करतो. बॅरन मजेत आहे, असं आफके सांगते.